छंदाला क्रेडिट नको, दुपार द्या

दर सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट. थिअरीच्या १५ तासांचं एक, प्रॅक्टिकलच्या ३० तासांचं एक. नव्या शैक्षणिक धोरणाचा हा हिशेब आम्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना आता तोंडपाठ आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भाषा, कौशल्य असे रकाने भरायचे आणि बेरीज जुळवायची. मला या रचनेचा फायदाच झाला. भूगोल मेजर ठेवून मी अर्थशास्त्र मायनर घेतलं आणि ओपन इलेक्टिव्हमुळे कॉमर्सच्या वर्गात बसून जमाखर्च लिहायला शिकले. माझ्या मोठ्या बहिणीला कला शाखेत असताना हे मिळालं नव्हतं.

पण या रकान्यांत आता छंदही येऊन बसलाय. सीसी, म्हणजे सहशालेय उपक्रम. एनएसएस, एनसीसी, खेळ यांना क्रेडिट जरूर द्यावं. तिथे हजेरी आणि शिबिरं पहिल्यापासूनच होती. प्रश्न आहे तो एकट्याने, सावकाश, कुणी न सांगता शिकायच्या गोष्टींचा.

गेल्या पावसाळ्यापासून मी मोडी लिपी शिकतेय. आमच्या भावकीत पाटाच्या पाण्याच्या पाळीचा एक जुना मोडी कागद आहे. कुणाला किती पाणी ते त्यात लिहिलंय असं सगळे सांगतात, वाचता मात्र कुणालाच येत नाही. भूगोल शिकणाऱ्या मुलीला एवढं कारण पुरेसं होतं.

मोडीत आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं जोडत जातात, हात शक्य तितका न उचलता. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात, ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो. शब्द कुठे संपला हे अर्थावरून ठरवावं लागतं, आणि अर्थ तर शब्द सुटल्याशिवाय लागत नाही. तारखांची आणखी वेगळी तऱ्हा. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. सुहूर सन ११६१. त्यात ६०० मिळवले की १७६१, पानिपताचं वर्ष. हा सन मृगाच्या सुमाराला बदलतो, म्हणून पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे. शेतकऱ्याचं वर्ष जिथे सुरू होतं तिथेच दप्तराचंही वर्ष सुरू होत होतं, हे मला कुठल्याही नकाशापेक्षा या बेरजेने जास्त नीट समजलं.

पाटाच्या कागदातली मला अजून नावंच तेवढी लागतात. मध्ये एका पत्राच्या दोन-चार ओळींवर मी आठवडेच्या आठवडे अडून होते. कुठवर आलं, असं कुणी विचारलं नाही, म्हणूनच अडून राहता आलं.

आमच्या एका सरांनी भलेपणाने सुचवलं, हे सीसीत बसवता येईल. त्यासाठी तासांची नोंदवही, जिओटॅग केलेले फोटो, अहवाल आणि शेवटी प्रमाणपत्र एवढं लागणार होतं. मी नको म्हटलं. नोंदवही आली की सोपी पत्रं निवडावीशी वाटणार, कारण तास भरायचे असतात. अवघड कागद बाजूला पडणार, कारण त्यात दाखवण्यासारखं काही निघेलच असं नाही. ज्या कागदासाठी शिकायला घेतलं तोच मागे राहणार.

‘याचा उपयोग काय’ हेही सारखं विचारलं जातं. २०२३ मध्ये जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. तेव्हापासून हा प्रश्न जरा कमी झाला; आता ‘शिकून घे, कामं मिळतील’ म्हणतात. मिळोत. पण शाळांमधून मोडी गेली त्यालाही आता पिढ्या झाल्या. एवढा काळ ती टिकली ती भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांमुळे, पुराभिलेख विभागाच्या वर्गांमुळे आणि आवडीने शिकणाऱ्यांमुळे. मार्कांच्या हिशेबाने चाललेल्या माणसांच्या हातात ती राहिली असती असं मला वाटत नाही.

माझ्या मैत्रिणीचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मला खोडता येत नाही. ती म्हणते, ‘क्रेडिट असलं तरच घरचे थांबू देतात. नाहीतर लेक्चर संपलं की पहिली एसटी.’ नाटकात काम करायचं तर तिला घरी दाखवायला काहीतरी लेखी लागतं. क्रेडिट नको म्हणणं मला परवडतं, कारण माझ्या घरी कुणी अडवत नाही. म्हणून नुसतं ‘क्रेडिट काढून टाका’ म्हणून भागणार नाही.

मग मागणी वेळेची करायला हवी. आमच्या टाइमटेबलात पहिलं लेक्चर साडेसातला, पुढचं अकराला आणि मायनर दुपारी दोनला, असे दिवस सर्रास येतात. अनेक शाखांची मुलं एका तासाला आणायची असल्याने हे होतं, ते मला कळतं. पण मधल्या तुकड्यांत ना घरी जाता येतं, ना बोरू-शाई काढून बसता येतं. मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह यांना सगळ्या कॉलेजसाठी ठरलेले तास दिले तर आठवड्याची एक अख्खी दुपार सहज मोकळी होईल. ती दुपार छापील टाइमटेबलात लिहा. वर्ग उघडे ठेवा, अभ्यासिका उघडी ठेवा, एखादे सर किंवा मॅडम आवारात असू द्या. हजेरी नको, अहवाल नको. टाइमटेबलात छापलंय म्हटल्यावर माझ्या मैत्रिणीच्या घरीही ते मान्य होईल. तिच्या वडिलांना क्रेडिटचा तक्ता कळत नाही, कॉलेज किती वाजता सुटतं ते कळतं.

जूनमध्ये नवं टाइमटेबल लागेल. त्याच्या आधी प्रत्येक कॉलेजाने चार गावांहून येणाऱ्या चार मुलामुलींना समितीपुढे बसवावं आणि एसटीच्या वेळांचा कागद समोर ठेवून ही दुपार कोणत्या वारी पडेल ते ठरवावं.