वेगळा बाक कशाला?

सोरायसिस झालेल्या एका मुलाला वर्गात वेगळ्या बाकावर बसवलेले मी पाहिले आहे. शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता. अंगावर खपल्या दिसल्या की संसर्गाची शंका येतेच. पण हा रोग जंतूंमुळे होतच नाही, मग लागण होणार कशाची?

निरोगी त्वचेतील पेशीला तळापासून वर येऊन गळून पडायला सुमारे महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास ३ ते ५ दिवसांत उरकतो. अर्धवट तयार झालेल्या पेशींचा थर साचतो, त्याच या खपल्या. ही घाई करायला लावतात आपल्याच शरीरातील काही प्रथिने. रक्षणासाठी असलेल्या टी-पेशींतून पाझरणारे इंटरल्यूकिन-१७ हे त्यांतले एक प्रमुख. त्याला अडवणारे औषध २०१५ पासून वापरात आहे. चट्ट्यांत विपुल आढळलेल्या दुसऱ्या एका प्रथिनाला १९९१ मध्ये ‘सोरायसिन’ असे नाव मिळाले. गंमत पाहा, हे सोरायसिन ई. कोलाय जंतूंना चक्क मारते!

बिघाड कातडीपुरताच राहतो असेही नाही. काहींचे सांधे सुजतात, काहींच्या रक्तात यूरिक आम्ल वाढते. तेव्हा अशा मुलाला डॉक्टरांकडे जरूर न्यावे. बाक मात्र त्याचा त्याला परत द्यावा, आणि तो का दिला हे गुरुजींनी फळ्यावर त्वचेची आकृती काढून साऱ्या वर्गाला सांगावे.