कर्नाळ्याच्या परसबागेचं नुकसान भरपाईच्या यादीत का बसत नाही?

रायगड जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण तो जून ते सप्टेंबरमध्येच कोसळतो आणि डोंगरउतारावरून वाहून जातो. म्हणून ज्या वाफ्यात पावसाळ्यात मिरची-वांग्याची मुळं कुजतात, त्याच वाफ्याला मे महिन्यात हंडाभर पाणी मिळणं मुश्कील.

त्यात कर्नाळ्यात शेजार पक्षी अभयारण्याचा. माकडांना कुंपण कळत नाही. पपई पिकायच्या आत गायब!

वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं तर वन विभाग भरपाई देतो. त्यासाठी सातबारा आणि पंचनामा लागतो. गावठाणातल्या घरामागच्या जागेला मात्र सहसा सातबाराच नसतो. शेतातला भात गेला तर अर्ज करता येतो; रोजच्या कालवणाची भाजी गेली, तर ती कागदावर येतच नाही.