पुरात उभी राहिलेली पिकअप भंगारात घालू नका

गावाकडच्या जुन्या पिकअपबद्दल आपण परदेशातली माणसं घरच्यांना एकच सल्ला देत आलोय: "काढून टाका ती, नवी घ्या, डाउनपेमेंटचं मी बघतो." सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण तो चुकीचा आहे. पैसे पाठवायचेच असतील तर जुनी गाडी चालती ठेवण्यासाठी पाठवावेत, आणि तिची निम्मी-अधिक देखभाल घरच्या अंगणात होईल अशी तजवीज करावी. निदान आमच्या धाराशिव जिल्ह्यात तरी हेच शहाणपणाचं आहे.

हे आत्ता लिहायला कारण 2025 चा सप्टेंबर. त्या महिन्याच्या शेवटी सीना आणि तिला मिळणाऱ्या नद्या पात्र सोडून शिवारात शिरल्या. परंडा आणि भूम तालुक्यांत लोकांना बाहेर काढायला एनडीआरएफच्या बोटी आल्या, लष्कराची हेलिकॉप्टरं आली. सोयाबीन काढणीला आलं होतं, ते पाण्यात गेलं. दावणीची जनावरं गेली. आणि गोठ्याशेजारी, पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाड्या बॉनेटपर्यंत बुडाल्या. नेमकं त्याच आठवड्यात, 22 सप्टेंबरपासून, मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळीकडून एकच सूर निघाला, भिजलेली गाडी भंगारात घाला, आता नवी स्वस्त झालीय.

स्वस्त म्हणजे किती? नवी पिकअप आजही आठ ते दहा लाखांच्या घरात जाते. डाउनपेमेंट आपण भरू, पण पुढची चार-पाच वर्षं हप्ता दर महिन्याला दारात उभा. शेताचा पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. सोयाबीनचा दिवाळीच्या आसपास येतो, तूर-हरभऱ्याचा त्यानंतर, आणि ज्या वर्षी पीक वाहून जातं त्या वर्षी येतच नाही. हप्ता मात्र थांबत नाही, आणि हप्ते थकले की फायनान्सवाले गाडी ओढून नेतात. उलट फिटलेली जुनी गाडी वाईट वर्षात शेडमध्ये उभी राहू शकते, कुणाचं काही देणं नसतं. सकाळी दुधाचे कॅन, बाजाराच्या दिवशी शेरडं, सोलापूरला कांदा, बार्शी नाहीतर लातूरच्या अडतीला सोयाबीन, उन्हाळ्यात हौद्यात प्लॅस्टिकची टाकी ठेवून पाणी: एवढी कामं करणारी वस्तू कर्जमुक्त असणं ही त्या घराची खरी ताकद आहे.

राहिला प्रश्न भिजलेल्या गाडीचा. दसऱ्याला मी गावी पोचलो तेव्हा पाणी ओसरलं होतं. दादाची 2008 सालची डीआय इंजिनाची पिकअप चिखलात चाकं रुतून उभी होती. विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे पुराच्या नुकसानीचा एक रुपया मिळणार नव्हता. दादानं पहिली गोष्ट केली ती ही, की चावीला हात लावू दिला नाही आणि बॅटरीच्या तारा सोडवल्या. त्याचं कारण प्रत्येकानं समजून घेण्यासारखं आहे. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल आणि स्टार्टर मारला, तर पिस्टन वर येताना ते पाणी हवेसारखं दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांत भागणारं काम लाखावर जातं. पुरात मेलेली बरीचशी इंजिनं पाण्यानं मरत नाहीत, पाणी ओसरल्यावर घाईनं मारलेल्या चावीनं मरतात.

मग चारही नोझल काढले. पुतण्यानं पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हातानं फिरवलं, तशी नोझलच्या भोकांतून गढूळ पाण्याची पिचकारी उडाली. खालून ऑइलचा बोल्ट सोडला. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाला बसलेलं असतं आणि आधी तेच बाहेर येतं. नितळ पाणी आलं, मागून काळं ऑइल. हे चांगलं लक्षण. इंजिन चालवून पाहिलं असतं तर दोन्ही घुसळून ताकासारखं पांढुरकं झालं असतं आणि बेअरिंगपर्यंत पोचलं असतं. तीच गत गिअरबॉक्सची आणि मागच्या हौसिंगची, तिथलं 90 नंबरचं ऑइलही पूर्ण बदललं. डिझेल टाकीच्या तळाचं पाणी काढलं. चारही चाकं उतरवून हबमधलं चिखल मिसळलेलं ग्रीस डिझेलनं धुतलं, नवं भरलं, सील बदलले. स्टार्टर आणि डायनामो बार्शीला ऑटो इलेक्ट्रिशियनकडं गेले. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर नवे. शेवटी हातपंप मारून फिल्टरच्या स्क्रूतून बुडबुडे संपेपर्यंत लाइनमधली हवा काढली. इंजिन आधी हलकं ऑइल घालून थोडं चालवलं, ते टाकून दिलं, मग चांगलं भरलं. सगळ्याचा खर्च नव्या गाडीच्या दोन-तीन हप्त्यांपेक्षा जास्त झाला नाही.

हे जमलं ते गाडी जुनी होती म्हणून. तिचा इंधनपंप यांत्रिक आहे. एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 गाड्या धूर कमी सोडतात हे मोलाचंच, पण त्यांच्या इंजिनाचा कारभार कंप्युटर चालवतो, वायरिंगच्या जाळ्यात पाणी गेलं की स्कॅनर लावल्याशिवाय बिघाडाचं नावही कळत नाही, आणि तो स्कॅनर खेड्यातल्या मिस्त्रीकडं क्वचितच असतो. भारतीय स्पर्धा आयोगानं 2014 साली 14 मोटार कंपन्यांना 2,544 कोटींहून अधिक दंड ठोठावला होता तो यासाठीच, की अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती त्या खुल्या बाजारात येऊ देत नव्हत्या. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. केंद्र सरकारनं 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत वाहनंही होती आणि शेतीची अवजारंही. आपण ज्या कोलोरॅडोत राहतो तिथं शेतकऱ्याला आपलं यंत्र स्वतः दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा 2023 मध्येच मंजूर झाला. इथल्या शेतकऱ्याच्या त्या हक्काचं कौतुक करायचं आणि आपल्या भावाला मात्र "शोरूमला सोड" म्हणायचं, हे मला पटत नाही.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत. पहिला धुराचा. जुनं डिझेल इंजिन जास्त धूर सोडतं. पण काळ्या धुराचं मोठं कारण तुंबलेला एअर फिल्टर आणि झिजलेले नोझल हे असतं, म्हणजे देखभाल न होणं. 2021 च्या स्क्रॅपिंग धोरणाचाही रोख तपासणीत नापास होणाऱ्या गाड्यांवर आहे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग करावं लागतं आणि ते योग्यच आहे. तपासणीचं शुल्क 2025 च्या नोव्हेंबरात वयानुसार बरंच वाढलं, तरीही ते वर्षातून एकदा भरायचं असतं.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि इथं मी कुणाचं ऐकून घेणार नाही: ब्रेक, स्टिअरिंग आणि चासी ही घरी हात घालायची कामं नव्हेत. दादानंही ड्रममधला गाळ धुतल्यावर लायनर आणि व्हील सिलिंडर मिस्त्रीकडूनच बसवून घेतले. चासीला तडा गेला असेल किंवा गंज आरपार असेल तर गाडी खुशाल भंगारात द्यावी. आणि पाट्यांमध्ये एक जादा पाटा घालून दीडपट माल भरायची जी खोड आहे, ती मोडल्याशिवाय देखभालीच्या गप्पा व्यर्थ आहेत.

आपल्या मंडळाचा मदतनिधी आजवर धान्य, वह्या-पुस्तकं, ब्लँकेटं यांवर गेला. त्यातला काही भाग पूरग्रस्त गावांत अवजारांच्या पेटीसाठी द्यावा असा माझा आग्रह आहे: चांगला हायड्रॉलिक जॅक, गाडी उचलल्यावर खाली लावायचे लोखंडी स्टँड, सॉकेटचा संच, टॉर्क पाना, ग्रीस गन, मल्टिमीटर. स्टँड सगळ्यांत आधी, कारण नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली माणसं सर्रास झोपून काम करतात. पेटी एका घराची न ठेवता ग्रामपंचायतीकडं किंवा गटाकडं राहावी. आयटीआयतून 'मेकॅनिक डिझेल' करून घरी बसलेली पोरं गावोगाव आहेत, ती तिच्यावर काम करतील.

आणि पुस्तक. इथल्या सार्वजनिक वाचनालयांत जुन्या पिकअपच्या दुरुस्तीची जाडजूड पुस्तकं मिळतात, नटबोल्ट किती आवळायचा इथपर्यंत आकडे असतात. गावातल्या पोराच्या हाती तसं मराठी पुस्तक मी कुठंच पाहिलं नाही. आपल्या मंडळात मोटार उद्योगात आयुष्य काढलेले इंजिनिअर आहेत, चित्रं काढणारे आहेत, मराठी शिकवणारे आहेत. पुरानंतर गाडी कशी उघडायची, ऑइल कधी बदलायचं, हवा कशी काढायची, कोणत्या कामाला हात लावायचा नाही, एवढ्यावर साठ-सत्तर पानांची सचित्र पुस्तिका पुढच्या पावसाळ्याआधी तयार होऊ शकते. ज्यांना यात काम करायचंय त्यांनी गणपतीच्या बैठकीआधी कार्यकारिणीकडं नाव द्यावं. नोझल आणि इंधनपंपाचा भाग मी लिहायला घेतलाय.