घट्ट कडी, हातोडा आणि डोळा

सायकलच्या चिमट्याची नळी जिथे चिमट्याला मिळते, तिथे तिच्या मुळाशी एक लहानशी पोलादी कडी असते. दुकानात कोणी तिला रेस म्हणतात, कोणी रेसर. तिच्यावर छर्रे, छर्ऱ्यांवर वाटी, आणि या सगळ्यावर हँडल वळते. कडी जुनी झाली, तिच्यात छर्ऱ्यांचे खड्डे पडले की नवी बसवावी लागते. नवी कडी हाताने सरकवली तर नळीवरून खाली येते आणि शेवटच्या टप्प्यावर अडते. मग हातोडा निघतो.

अडते म्हणजे काहीतरी चुकले, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. कडी तिथे अडावी अशीच तिची रचना आहे. तिचे भोक 26.4 मिलिमीटरचे असते आणि ती ज्या जागेवर बसते ती जागा 26.5 मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे कडी जागेपेक्षा मुद्दामच वहीच्या एका कागदाएवढी लहान ठेवलेली असते. ती ताणून बसली की नळीला कायमची आवळून धरते. हलायचे ते फक्त छर्ऱ्यांनी. कडी स्वतःच नळीवर हलू लागली तर प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक ब्रेकला ती नळी खात राहते. मग जी जागा झिजते ती चिमट्याची असते, आणि पन्नास-शंभर रुपयांच्या कडीपायी अख्खा चिमटा बदलायची वेळ येते. म्हणूनच कडी सहज बसावी म्हणून कानस किंवा पॉलिश पेपर घेऊन नळी घासणे हा सर्वांत वाईट उपाय. हाताने घासलेली नळी गोल राहत नाही आणि कडी तिरकी बसते.

दुसरा लाडका उपाय म्हणजे तापवणे. त्यामागे पिढ्यांचे शहाणपण आहे, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. कृष्णा आणि तारळीच्या संगमावरचे उंब्रज घ्या किंवा खालच्या अंगाची कराड-सांगलीकडची गावे घ्या. जुन्या माणसांनी बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिलेली असते. लोहार धाव लाकडी चाकापेक्षा थोडी लहान करायचा, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचा, सांडशीने उचलून चाकावर टाकायचा आणि वरून पाणी ओतायचा. वाफेचा लोट उठायचा, आरे करकरायचे आणि चाक असे आवळले जायचे की खिळ्याची गरज उरायची नाही. उसाच्या कारखान्यातला रोलरही याच तत्त्वावर बनतो. बिडाचे जाड कवच तापवून पोलादी दांड्यावर चढवतात आणि थंड झाले की ते टनावारी ऊस पिळायला तयार होते.

मग सायकलच्या कडीला हीच युक्ती का लागू पडत नाही? इथे अंदाज सोडून हिशेब करावा लागतो. पोलाद एक अंश तापले की आपल्या लांबीच्या दहा लाखांत साधारण बारा भाग वाढते. दीड मीटर व्यासाची धाव 500 अंशांनी तापवली तर तिचा व्यास नऊएक मिलिमीटर वाढतो. लोहाराला एवढी सवलत पुरून उरते. सायकलची कडी मात्र जेमतेम 27 मिलिमीटरची. ती उकळत्या पाण्यात टाकली, म्हणजे 75 अंशांनी तापवली, तर वाढ होते 0.024 मिलिमीटर. लागणाऱ्या सवलतीच्या ती पाव हिस्सा. चिमटा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला तर आणखी 0.014 मिळतात. दोन्ही मिळून निम्मेसुद्धा भरत नाहीत. थोडा आधार होतो, पण ढकलायचे काम उरतेच. वाढ वस्तूच्या आकाराच्या प्रमाणात होते, हे शाळेच्या पुस्तकात असते. कडी हातात आली की ते आठवत नाही, एवढेच.

पाण्याने भागत नाही म्हणून मग कोणी गॅसची ज्योत लावतो. कडीचा पृष्ठभाग छर्ऱ्यांचा भार पेलता यावा म्हणून मुद्दाम कडक केलेला असतो. पोलाद निळसर होईपर्यंत तापवले की तो कडकपणा गेला. कडी बसते खरी, पण काही महिन्यांत तिच्यात पुन्हा खड्डे पडतात आणि दोष दिला जातो तो कंपनीच्या मालाला. बेअरिंग बनवणारे लोक बसवताना 110-120 अंशांच्या वर जाऊ नका म्हणतात, ते याचसाठी.

योग्य पद्धत साधी आहे. जागा पुसून स्वच्छ करायची, ग्रीसचा पातळ हात द्यायचा. कडीच्या आतल्या कडेवर बरोबर टेकेल असा जाड, सरळ कापलेला पाइप नळीवरून घालायचा आणि पाइपच्या वरच्या टोकावर ठोके द्यायचे. जोर सगळीकडून सारखा लागला की कडी सरळ उतरते आणि बसल्यावर ठोक्याचा आवाज बदलतो. तो कान ओळखतो. पेचकस किंवा छिन्नी लावून एकदा इकडून, एकदा तिकडून ठोकत नेणे म्हणजे कडी तिरपी अडकवण्याची हमी.

मात्र एक गोष्ट पाइपनेही सुटत नाही. जगात या जागेची दोन मापे रूढ झाली: एक 26.4 मिलिमीटरचे, दुसरे जपानी पद्धतीचे 27 मिलिमीटरचे. डोळ्याला फरक कळत नाही. पण 27 च्या चिमट्यावर 26.4 ची कडी चढवायची म्हणजे कडक पोलादाला दोन टक्क्यांहून जास्त ताणायचे. ते ताणले जात नाही, तडकते. त्यात आता 28.6 मिलिमीटरच्या नळीच्या गिअरच्या सायकली गावोगाव आल्या आहेत आणि त्यांची कडी 30 मिलिमीटरची. पूर्वीच्या काळ्या सायकलीत सगळे भाग एका घरातले असायचे, म्हणून 'आम्ही वर्षानुवर्षे असेच ठोकतो' हे मिस्त्रीचे म्हणणे तेव्हा खोटे नव्हते. आज एका सायकलीत चार ठिकाणचा माल असतो. ठोकण्याआधी व्हर्निअर लावायला हवा. तो काही शे रुपयांना मिळतो. आयटीआयच्या फिटरला घट्ट आणि सैल बसणीचा धडा असतोच. तो सायकलच्या दुकानापर्यंत पोचत नाही, कारण दहा मिनिटांत आणि तीस रुपयांत काम हवे असा गिऱ्हाइकाचा धोशा असतो. मोजायला लागणाऱ्या वेळाचे पैसे द्यायला कोणी तयार नसते. दोष एकट्या मिस्त्रीवर ढकलणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

या भागाने सायकलचे दुकान हलके समजू नये, याला इतिहासही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानानेच. नांगर आणि 1910 मधली किर्लोस्करवाडी ही पुढची गोष्ट.

सैल किंवा तिरक्या कडीची परीक्षा घरी करता येते. पुढचा ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्या हाताची बोटे हँडलखालच्या सांध्यावर ठेवायची आणि सायकल मागेपुढे हलवायची. सांध्यात टकटक जाणवली तर तिथे खेळ आहे. मग पुढचे चाक उचलून हँडल सावकाश वळवायचे. ते मधोमध अडखळत असेल तर कडीत खड्डे आहेत. महामार्गाच्या कडेने शाळेला जाणाऱ्या मुलामुलींच्या सायकलींची ही परीक्षा पावसाळ्यानंतर एकदा तरी व्हावी, कारण जोराचा ब्रेक लागताना हँडल थरथरले तर मूल रस्त्याच्या नेमक्या चुकीच्या बाजूला जाते.

आणि धोका फक्त चालवणाऱ्याला नाही. कडक पोलादावर कडक पोलादी हातोडा पडला की सुईच्या टोकाएवढी कपची गोळीसारखी सुटते. ती डोळ्यात शिरली तर जखम इतकी बारीक असते की दुखतही नाही, दिसतेही बरे. माणूस डोळा धुऊन पुन्हा कामाला लागतो. आत राहिलेले लोखंड मात्र गंजते आणि महिन्या-वर्षांत पडदा निकामी करू शकते. हातोडा आणि ठोकायची वस्तू यांच्यामध्ये पितळेचा किंवा मऊ लोखंडाचा तुकडा ठेवणे आणि साधा प्लास्टिकचा चष्मा लावणे, एवढ्याने हे टळते. दुकानात शेजारी उभ्या राहून पाहणाऱ्या पोरांनाही चार हात दूर ठेवावे.

तरीही काही गेलेच, तर डोळा चोळू नये, रुमालाच्या टोकाने काढायचा प्रयत्न करू नये. डोळ्यावर दाब न देता झाकण ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि पहिल्याच वाक्यात सांगावे, की लोखंडावर हातोडा मारताना लागले. त्यावरून डॉक्टर एक्स-रे किंवा सीटी स्कॅनची वाट धरतात. एमआरआय अशा वेळी करत नाहीत. त्याच्या चुंबकाने आतला कण हलू शकतो.