ऊर्जा संशोधनाला मुक्कामी माणसं हवीत

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली ‘ध्रुव’ अणुभट्टी ऑगस्ट १९८५ मध्ये सुरू झाली, पण पूर्ण १०० मेगावॉट क्षमता गाठायला १९८८ उजाडलं. घोडं अडलं होतं ते अणुविज्ञानापाशी नव्हे. शीतक पाण्याच्या वेगवान प्रवाहात इंधनाच्या कांड्या थरथरत होत्या आणि त्या थरथरीने त्यांचं ॲल्युमिनियमचं आवरण झिजत होतं. प्रवाहाचा वेग, धातूची लवचीकता, कांडीला आधार कुठे द्यायचा, हे सगळे प्रश्न मेकॅनिकल इंजिनिअरचे. ते केंद्रातल्याच लोकांनी सोडवले, कारण ते तिथे मुक्कामी होते. ‘ध्रुव’च्या रचनेत मोठा वाटा असलेले अनिल काकोडकर व्हीजेटीआयचे मेकॅनिकल इंजिनिअर. १९६४ मध्ये ते केंद्रात रुजू झाले, म्हणजे भट्टी सुरू होण्याआधी एकवीस वर्षं.

आजच्या तरुणाला ही एकवीस वर्षं कोण देणार? प्रकल्पावरची कनिष्ठ संशोधकवृत्ती महिना ३७ हजार रुपये, तीही प्रकल्पाची मुदत असेतो. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या हरित हायड्रोजन मोहिमेचे १९,७४४ कोटी रुपये आहेत. त्यांतले संशोधनाला ४००, म्हणजे जेमतेम दोन टक्के. हायड्रोजन प्रचंड दाबाखाली साठवावा लागतो, तो पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो, झडपांतून निसटतो. हे तपासणाऱ्या चाचण्यांना वर्षानुवर्षं लागतात. मुदत संपली की चाचणीची मांडणी धूळ खात पडते आणि ती उभारणारा मुलगा हिंजवडीत कोडिंग करू लागतो. त्याला दोष कसा द्यायचा? कोणत्या जोडातून गळती होते, कोणता मापक उन्हाळ्यात चुकीचं दाखवतो, हे अहवालात क्वचितच उतरतं. ते त्याच्याबरोबरच जातं.

कायम नोकरी दिली की माणूस सुस्तावतो, असा आक्षेप घेतला जातो. काही ठिकाणी तो खराही आहे. पण त्यावर इलाज कामाच्या कडक मूल्यमापनाचा. टांगत्या तलवारीखाली कुणी दहा वर्षांचा प्रश्न हाती घेत नाही. उद्योगांनी हा भार उचलावा, असंही सुचवलं जातं. पुण्यातल्या बॉयलर कंपन्या आपलं उत्पादन सुधारतीलच, पण ज्याचं फळ पंधरा वर्षांनी मिळेल, मिळेलच असंही नाही, त्यावर त्यांनी किती पैसा लावावा? तो धोका सरकारनेच पत्करायला हवा. अणुऊर्जा खात्याने १९५७ मध्ये प्रशिक्षण शाळा काढली. वर्षभर शिकवायचं आणि उत्तीर्ण झालेल्यांना थेट शास्त्रीय अधिकारी म्हणून घ्यायचं. हायड्रोजन आणि ऊर्जासाठवणुकीसाठी अशीच शाळा उघडावी, आणि मोहिमेच्या पैशातून पहिली तरतूद तिथल्या पगारांची व्हावी.