पेटी, पाइप आणि पुतण्याचा स्पीकर

आमचे शिक्षण बी.कॉम. आणि नोकरी कारकुनाची. तेव्हा गाडीतील स्पीकरच्या पेटीवर आम्ही काय लिहिणार, असे कुणी म्हटले तर त्यात चूक नाही. पण गेल्या महिन्यात हा विषय आमच्याच दारात येऊन उभा राहिला.

आमचा पुतण्या टुरिस्ट गाडी चालवतो. भिशी लागली तेव्हा त्याने हौसेने दहा इंची सबवूफर, अॅम्प्लिफायर आणि तयार पेटी बसवून घेतली. घरात थोडी कुरबुर झालीच. असो. आवाज मात्र मनासारखा येईना. ढोलकीची थाप असो की इलेक्ट्रिक बास, सगळे एकाच सुरात घुमायचे आणि आवाज वाढवला की पेटीच्या भोकातून फुस्स-फुस्स वारा. दुकानदार म्हणाला, स्पीकर गेला, नवा टाका. पोरगा उसने मागायला आला होता.

"काका, साडेचार हजाराचा प्रश्न आहे," तो म्हणाला. आम्ही म्हटले, "आधी पेटी तर दाखव."

ज्या भोकातून वारा येतो त्याला पोर्ट म्हणतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती घुमते, तोच हा प्रकार. पेटीतील हवा स्प्रिंगसारखी दबते आणि पाइपमधील हवा वजनासारखी पुढे-मागे हलते. दोन्ही मिळून एक सूर ठरतो. पाइप लांब केला तर सूर खाली जातो, रुंद केला तर वर. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात हे गणित मांडले. स्पीकरच्या पेटीसाठी ते ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थिएल यांनी १९६१ साली नीट बसवून दिले.

हिशेब आम्हा कारकुनांना जमेल असाच आहे. पाइपच्या आतील व्यासाचा सेंटिमीटरमध्ये वर्ग करावा आणि त्याला २३,५६२ ने गुणावे. हवा असलेला सूर हर्ट्झमध्ये घेऊन त्याच्या वर्गाला पेटीतील लिटरने गुणावे व त्याने भागावे. उत्तरातून व्यासाच्या पाऊणपट वजा केले की पाइपची लांबी मिळते.

पेटीत ३० लिटर हवा होती. पाइप तीन इंची, लांबी फक्त १५ सेंटिमीटर. हिशेबाने सूर निघाला ४६ हर्ट्झ, म्हणजे फार वरचा. मोबाइलवर एकेक सूर वाजवून पाहिले. पेटीचा सूर जुळतो तिथे स्पीकरचा पडदा सर्वांत कमी हलतो आणि पाइपच्या तोंडाशी वारा जोरात असतो. ४६-४७ वर अगदी तसेच झाले. त्याच्या खाली पडदा मोकाट फडफडत होता. स्पीकर खराब नव्हता, पण असाच वाजवला असता तर झाला असता.

३५ चा सूर हवा असेल तर तीन इंची पाइप ३०-३१ सेंटिमीटरचा लागतो. तो पेटीत बसला असता, पण फुस्स-फुस्स गेली नसती, कारण वाऱ्याला वाट अरुंद. चार इंची पाइपचे तोंड पावणेदोन पट मोठे, वाऱ्याचा वेग तितका कमी. पण त्याची लांबी येते ५७, आणि पेटी आतून ५० ची! लाकडी फटीचा पोर्ट भिंतीलगत वळवता येतो, दिसतोही छान. फक्त सुताराने एकदा चिकटवला की कमी-जास्त करता येत नाही. पेटी मोठी करावी तर डिकीत सीएनजीची टाकी, आणि प्रवाशाची एक बॅग राहिलीच पाहिजे. त्यावर त्याचे पोट आहे.

शेवटी नळाच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइप आणि एक एल्बो आणला. लांबी मधल्या रेषेवर मोजली. आतले तोंड समोरच्या फळीपासून चार इंच दूर ठेवले, दोन्ही कडा पॉलिश पेपरने गोल केल्या, जुने भोक करवतीने वाढवून सांधा सिलिकॉनने बुजवला. पाइप आधी थोडा लांबच कापला होता, कारण कापता येतो, वाढवता येत नाही.

सूर मात्र ३५ ऐवजी ३८ वर लागला. चूक आमची. नव्या पाइपने पेटीतील साडेचार लिटर जागा खाल्ली, ती वजा धरायची राहिली. जन्मभर ताळेबंद जुळवणाऱ्याने असे करावे! पण त्याची गाणी ढोलकी-ढोलकाची, त्यांना ३८ पुरते. अॅम्प्लिफायरवरील सबसॉनिक फिल्टर ३० च्या आसपास लावला, म्हणजे त्याखाली पडदा उगाच ताणला जाणार नाही.

सगळा खर्च सातशेच्या आत झाला. उसने मागायला आलेला पोरगा जेवून गेला.