जांभळ्या लाईटला भुलू नका, दोन साध्या ट्यूब पुरतात



मागच्या जुलैत झड लागली. नऊ दिवस ऊन नाही. ओसरीतली वांग्याची रोपं उजेडासाठी सुतासारखी लांबली आणि कोलमडली. आईनं जपलेलं घरचं बियाणं होतं ते. डब्यात चिमूटभरच उरलं.

घाबरून एका दुकानातून 'रोपांचा स्पेशल लाईट' आणला. जांभळा पट्टा, 2,800 रुपये. वॅट किती विचारलं तर म्हणे, "काका, वॅट बघायचं नसतं, टेक्नॉलॉजी बघायची." घरी येऊन डब्यावर वाचलं, 10 वॅट! त्यांनी सांगितल्याप्रमाणे तीन फुटांवर टांगला. रोपं परत लांबली.

कृषी पदवीधर मित्र म्हणतील, झाड लाल-निळा उजेड जास्त घेतं. बरोबर आहे. पण हिरवाही वाया जात नाही. आणि साध्या पांढऱ्या एलईडीत चिप निळीच असते, वर पिवळ्या पावडरीचा थर. त्यातून निळा, हिरवा, लाल तिन्ही मिळतात. वर जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलं की हिरवं आहे, तेच दिसत नाही. रोग ओळखायचा कसा?

रंगापेक्षा उजेड किती, किती तास आणि किती जवळून, हे महत्त्वाचं.

उरलेल्या चिमटीसाठी मी केलं ते असं. चार फुटी, 20 वॅटच्या दोन एलईडी ट्यूब, दोनशे-अडीचशेला एक. पांढरा रंग दिलेल्या फळीवर सहा इंच अंतरानं बसवल्या. फळी दोरीनं टांगली, वर-खाली करता येते. खाली 98 कप्प्यांचे दोन प्रोट्रे लांबीला लांबी लावून बसतात. कोंब दिसला की त्याच दिवशी लाईट चालू. ट्यूब शेंड्यापासून पाच-सहा इंचांवर, रोप वाढेल तशी वर. रोज 14 तास चालू, रात्री बंद. 24 तास ठेवू नका, वांगी-टोमॅटोची पानं पिवळी पडतात. लाईट गेली तर तेवढे तास नंतर भरून काढा. दिवसातून थोडा वेळ पंख्याची झुळूक द्या, खोड कणखर होतं. पाणी घालताना आधी बटण बंद, ओल्या हातानं वायरला हात नको.

महिन्याला वीज 17 युनिट. लावणीआधी आठवडाभर रोपं हळूहळू उन्हाला सवय केली. आज झाडं बांधावर उभी आहेत, बी धरलंय.

आता दुसरी बाजू. हेच विक्रेते एकरभर टोमॅटोची रोपंसुद्धा लाईटखाली करा म्हणतात. हिशोब करा. 6,000 रोपं म्हणजे 62 ट्रे, म्हणजे 62 ट्यूब. कशासाठी? शेडनेट, वर पावसासाठी प्लास्टिक, आणि आपला सूर्य फुकट आहे. लाईट फक्त थोड्या, मोलाच्या बियाण्यासाठी, तेही झडीच्या दिवसांत.

"उन्हाच्या देशात लाईट कशाला" म्हणून हसणाऱ्यांनाही सांगतो, झडीत बियाणं गेलं की ते कुठल्याच दुकानात मिळत नाही.

यापुढं कुणी लाईट विकायला आला तर दोनच प्रश्न विचारा. वॅट किती? आणि रोपापासून किती इंचांवर? उत्तर देता आलं नाही तर चहा पाजून वाटेला लावा.